आधीच चार आहेत, पाचवं घेऊ का?

"घरात चार मांजरं आहेत, दारात पाचवं येऊन बसलंय, बरगड्या मोजता येतात. आत घेऊ का, आणि घेतलं तर जुन्यांशी कसं जुळवू?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नागपुरात हा प्रश्न एप्रिल-मेमध्ये हमखास येतो. पारा 45 च्या घरात गेला की मोहल्ल्यातलं प्रत्येक मांजर कुठल्या घराचा कूलर गार आहे ते शोधून काढतं.

घ्या, पण नीट बंद होणारी एक खोली मोकळी करता येत असेल तरच. ती नसेल तर मी सरळ नाही म्हणते. मग त्याला बाहेरच खाऊ घाला, नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि पुन्हा त्याच्या गल्लीत सोडा.

आधी नीट बघा. डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर नसबंदी झालेली आहे. मादी असेल तर पोट बघाच. आचळं गुलाबी, फुगलेली आणि भोवतालचे केस घासून गेलेले दिसले, तर ती पिल्लांना पाजते आहे. तिला एकटीला उचलून कोंडलं तर पिल्लं उपाशी मरतील. खाऊन झाल्यावर ती कुठे जाते ते लांबून बघा. पिल्लं बहुधा गच्चीवर, अडगळीत, नाहीतर हिवाळ्यात गुंडाळून ठेवलेल्या कूलरच्या कोरड्या टाकीत सापडतात.

पकडताना चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो, म्हणजे नागपुरातलं सरकारी रुग्णालय गाठा. जखमेला हळद लावून घरी बसू नका.

पहिल्याच दिवशी डॉक्टर. सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नाहीतर तुमचे नेहमीचे डॉक्टर. जंताचं औषध साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं. पिसवांचं औषध मांजरासाठीचंच हवं. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं, त्याने मांजराला झटके येऊन ते दगावू शकतं. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडाही देऊ नका, तेही जीव घेतं. रक्ताच्या थेंबावर मांजरांच्या ल्यूकेमियाचा विषाणू आणि एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खचवणारा विषाणू) यांची तपासणी होते. संसर्ग नुकताच झालेला असेल तर ती फसवू शकते, म्हणून ल्यूकेमियाची महिन्याने आणि एफआयव्हीची दोन महिन्यांनी परत करायची.

सगळ्यात जास्त भीती पॅनल्यूकोपेनियाची, म्हणजे मांजरांच्या पार्व्हो या विषाणूच्या रोगाची. बाहेरून ठीक दिसणारं मांजर आठवड्याभरात उलट्या-जुलाब करून आडवं होतं, आणि तोवर घरातली सगळी त्याच्या संपर्कात आलेली असतात. म्हणून 14 दिवस वेगळी खोली, एक दिवसही कमी नाही. हा विषाणू चपलेवर, झाडूवर, हातावर बसून दाराबाहेर येतो आणि घरात वर्षभरही टिकतो. त्या खोलीची चप्पल, झाडू आणि भांडी वेगळी ठेवा. जुन्यांचं खाणं-पाणी आधी उरका, नव्याकडे शेवटी जा. फिनाईल आणि डेटॉलच्या भरवशावर राहू नका, दोन्ही मांजरांना विषारी आहेत. फरशी आधी साबणाने धुवा, मग लिटरभर पाण्यात 30 मिली साधं ब्लीच घालून पुसा, 10 मिनिटं ओलं राहू द्या आणि साध्या पाण्याने काढा. जुन्यांची लस लांबली असेल तर याच वेळी देऊन घ्या.

खोलीचं म्हणाल तर उन्हाळ्यात गच्चीखालची खोली कूलरशिवाय भट्टी होते, आणि दार-खिडक्या लावून कूलर चालवला तर हवा दमट होते. दमट खोलीत गजकर्ण चटकन पसरतं, आणि ते माणसांनाही होतं. म्हणून समोरची खिडकी उघडी हवी, पण तिला लोखंडी जाळी. डासांची नायलॉनची जाळी नखांनी एका रात्रीत फाटते. कूलर हळू ठेवा, त्या घरघरीला रस्त्यावरचं मांजर घाबरतं. लपायला खोकं आडवं ठेवा, फक्त संत्र्याचं नको. तो वास बहुतेक मांजरांना सोसत नाही, नागपुरात खोकी मात्र तीच आधी हाती लागतात!

शी-शूसाठी मोठ्या घमेल्यात दोन-अडीच इंच चाळलेली रेती घाला. मातीत उकरायची सवय असलेल्या मांजराला विकतचं लिटर, म्हणजे मांजरांच्या शी-शूसाठीचे दाणे, आधी कळत नाहीत. ते आठवडाभरात थोडं थोडं मिसळत न्या.

14 दिवस धड गेले की वासाची अदलाबदल. एक स्वच्छ पायमोजा त्याच्या गालावरून फिरवा आणि जुन्यांच्या ताटलीपासून हातभर अंतरावर ठेवा. जुन्यांचा मोजा त्याच्याकडे. फिस्कारलं तर फिस्कारू द्या. खाणं सोडलं तर मात्र मोजा लांब न्या. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या, आधी चार-पाच फुटांवर, मग रोज वीतभर जवळ. दाराला नाक लावून दोघं शांतपणे जेवली की तासभर खोल्यांची अदलाबदल करा, म्हणजे नवं घर हुंगेल आणि जुनी त्याची खोली. त्यानंतर जाळीतून दर्शन.

समोरासमोर आणताना आधी जुन्यांतलं सगळ्यात थंड डोक्याचं एकटंच, आणि तेही पाच-दहा मिनिटं. फिस्कारण्याला मी फारशी भीत नाही, ती भाषा आहे. अंग ताठ, शेपटीचं टोक फटफटतंय आणि नजर रोखलेली, पण आवाज नाही, हे वाईट. तेव्हा मध्ये पुठ्ठा सरकवा, हात घालू नका. "भांडून भांडून आपोआप जुळतात" हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. पहिली मारामारी मांजरं विसरत नाहीत, मग पुन्हा मोज्यापासून सुरुवात. पिल्लू असेल तर महिन्यात निभतं, मोठ्यांना तीन-चार महिनेही लागतात. बोक्याची नसबंदी झाल्यावरही महिना-दीड महिना त्याला नसबंदी न झालेल्या मादीपासून लांब ठेवा, तेवढ्या काळात पिल्लं होऊ शकतात.

पाच मांजरांना घमेली सहा. एका भिंतीला सहाची रांग लावली तर मांजरांच्या लेखी ती एकच जागा, आणि दादागिरी करणारं एक मांजर ती अडवून बसतं. वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, पाण्याच्या वाट्याही.

या सगळ्या काळात लक्ष नव्यापेक्षा जुन्या बोक्यांवर जास्त ठेवा. ताणामुळे त्यांची लघवी अडते. बोका घमेल्यात पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि रेती कोरडीच आहे, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीचे बारा वाजले असले तरी डॉक्टरांना उठवा.