एक बूट काळा, एक तांबडा

१९७२ चा फ्रेंच पिक्चर आहे. इंग्लिशमध्ये त्याला द टॉल ब्लॉन्ड मॅन विथ वन ब्लॅक शू म्हणतात. एवढं लांबलचक नाव, त्यात फ्रेंच, त्यात पन्नास वर्षांपूर्वीचा, त्यामुळं कितीतरी दिवस मोबाईलमध्ये नुसता पडून होता. परवा पावसात लाईट गेली, नेट पण गेलं, दुसरं काहीच बघण्यासारखं नव्हतं म्हणून लावला आणि तेव्हापासून भेटेल त्याला त्याचीच स्टोरी सांगत सुटलोय, तर म्हटलं एकदा लिहूनच टाकू. स्पॉयलर येणार आहेत, आधीच सांगतो.

फ्रान्सच्या गुप्तचर खात्याचा साहेब तुलूझ. त्याच्या हाताखालचा मिलान, आणि ह्याचा डोळा साहेबाच्या खुर्चीवर. न्यूयॉर्कला हेरॉइनसकट एक फ्रेंच माणूस सापडतो आणि सांगतो की मी हे खात्याच्या ऑर्डरवरून करत होतो. झाली बोंबाबोंब. हा सगळा उद्योग मिलानचा आहे हे तुलूझला कळतं, पण दाखवणार काय, पुरावा कुठाय? मग तुलूझ काय करतो, मिलानची माणसं आपलं बोलणं चोरून ऐकतात हे त्याला माहितीच असतं, तर त्यांना ऐकू जाईल असं बघून तो आपल्या विश्वासातल्या पेराशला सांगतो की एक फार मोठा माणूस ऑर्ली एअरपोर्टला उतरतोय, हे प्रकरण तोच उलगडणार, जा आणि त्याला घेऊन ये. असला कुठलाच माणूस नसतो. पेराशला खरा हुकूम एवढाच की गर्दीतला कुणीही एक निवड.

आता पेराश एअरपोर्टवर उभा आणि समोरून लोक येताहेत. तेवढ्यात एक उंच, कुरळ्या सोनेरी केसांचा, जरा गोंधळलेला माणूस येतो, हातात व्हायोलिनची पेटी, एका पायात काळा बूट आणि दुसऱ्यात तांबूस. ऑर्केस्ट्रातल्या मित्रांनी त्याची मस्करी केलेली असते, दुसरं काही नाही. पेराशला आपला माणूस मिळतो. त्या गरीब व्हायोलिनवाल्याचं नाव फ्रांस्वा पेरँ आणि ते काम केलंय पिएर रिशारनं. पडणं, धडपडणं, दारात अडकणं हे सगळं हा माणूस असं करतो की अ‍ॅक्टिंग चाललीय असं वाटतच नाही, शरीरच त्याचं ऐकत नाही असं वाटतं.

इथून पुढं जे आहे ते मला लई आवडलं. मिलानची सगळी यंत्रणा पेरँच्या मागं लागते. घर धुंडाळतात, फोन टॅप, फोटो, पाठलाग. आणि सापडत काहीच नाही, कारण सापडण्यासारखं काही नाहीच. तुम्ही आम्ही असतो तर म्हटलं असतं, जाऊ दे, साधा माणूस दिसतोय. पण ह्यांचं डोकं उलटं चालतं. काहीच सापडत नाही म्हंजे केवढा हुशार असला पाहिजे! दोन रंगाचे बूट? काहीतरी खूण असणार. वेंधळा वागतोय? नाटक करतोय, एवढा वेंधळा कोण असतोय का. पेरँ जेवढा जास्त साधा, तेवढी मिलानची झोप जास्त उडालेली. आणि ह्या सगळ्यातलं पेरँला पिक्चर संपेपर्यंत अक्षरशः काही म्हंजे काही कळत नाही. बिचाऱ्याचं सगळं लक्ष एका बाईकडं.

त्या बाईबद्दल. मिरेय दार्क, मिलाननं पाठवलेली एजंट क्रिस्तीन. ती दार उघडते तेव्हा काळा ड्रेस, पुढनं गळ्यापर्यंत बंद, एकदम शिस्तीत. आणि ती आत जायला वळते. मागनं ड्रेसच नाही, कमरेच्याही खालपर्यंत सगळी पाठ उघडी. गी लारोश नावाच्या डिझायनरचा ड्रेस होता तो आणि फ्रान्समध्ये आजपण लोकांना पिक्चरपेक्षा तोच आधी आठवतो म्हणतात. पण मला हसू आलं ते पेरँच्या चेहऱ्याचं, पाच सेकंद तो माणूस श्वास घ्यायचा विसरलेला दिसतो. आणि हे सगळं मिलान आणि त्याचे लोक लपून बघत असतात, त्यांच्या तोंडावर तेच गंभीर सरकारी भाव, जसं काय अणुबॉम्बचा फॉर्म्युला आता बाहेर पडणार.

आता जरा आपल्याकडं येतो, कारण बघताना माझं डोकं सारखं बेळगावातच फिरत होतं. १ नोव्हेंबरला, म्हंजे १९५६ ला भाषावार राज्यं होऊन बेळगाव म्हैसूर राज्यात, आताच्या कर्नाटकात गेलं त्या दिवशी, इथं मराठी लोक काळा दिन पाळतात, सायकल फेरी निघते, काळे कपडे घालून लोक निघतात. बाकी कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक वेगळी, त्याचा दणका वेगळा. तर त्या दिवशी गर्दीत सिव्हिल ड्रेसमधले पोलीस असतात हे लहान पोराला पण माहिती. आम्ही कॉलेजला असताना आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर असाच एक जण यायचा. फेरीत मिसळायचं म्हणून काळा शर्ट घातलेला, पण शर्ट नवा कोरा, घडीच्या रेषा तशाच, आणि पायात ते पोलिसी तांबडे बूट, पॉलिश मारलेले. काळा शर्ट, तांबडे बूट! चहाच्या गाड्यावर उभा राहून विचारायचा, ‘यंदा किती लोक येतील वाटतंय?’ गाडेवाले काका एकदम सरळ तोंडानं त्याला जास्तीची साखर घालून चहा द्यायचे आणि सांगायचे, ‘साहेब, तुमच्या लिस्टमध्ये किती हायत ते सांगा, मी माझं जुळवून बघतो.’ तो पण हसायचा. त्याला माहिती की ह्यांना माहिती. तरी पुढच्या वर्षी परत तोच शर्ट, तेच बूट, तोच प्रश्न, कारण वर रिपोर्ट पाठवायचा असतो आणि रिपोर्टमध्ये काहीतरी लिहायला लागतंच.

मिलानचं दुखणं पण नेमकं हेच आहे बघा. एकदा फाईल उघडली, माणसं लावली, गाड्या लावल्या, की ‘ह्यात काही नाही’ असं लिहिणं कुणालाच परवडत नाही. मग नाही ते दिसायला लागतं. हेरगिरीवरचे विनोदी पिक्चर बरेच आहेत, पण त्यात बहुतेक वेळा चुकून अडकलेल्या माणसाच्या फजितीवर हसायचं असतं. इथं दिग्दर्शक इव्ह रोबेर आणि त्याच्याबरोबर लिहिणारा फ्रान्सिस वेबेर ह्या दोघांनी सगळी फजिती बघणाऱ्यांची केलीय. वेबेर म्हंजे कोण, तर आपल्याकडचा भेजा फ्राय ज्या फ्रेंच पिक्चरवरून उचलला तो लिहिणारा हाच बाबा. साधा, बावळट वाटणारा माणूस शहाण्यांच्या मधोमध सोडून द्यायचा आणि शहाण्यांचं वाटोळं बघत बसायचं, हा त्याचा आयुष्यभराचा धंदा.

दुसऱ्या दिवशी मामा घरी आला होता, मोबाईल टीव्हीला जोडून त्याला पिक्चर परत पहिल्यापासून दाखवला. मामा भजनी मंडळात पेटी वाजवतो. त्याला पिक्चर दाखवायचं खास कारण होतं, मामाचं स्वतःचं पेरँ झालेलं आहे. विधानसभेच्या इलेक्शनचा टाइम होता, मामा मिरजेला पेटी रिपेअरला टाकून आणायला गेलेला. मिरज म्हंजे वाद्यांचं गाव, सतार-तंबोऱ्यासाठी लांबनं लोक येतात. येताना आमच्या एका पाव्हण्याच्या गाडीतनं कागवाडमार्गे येत होता, गाडी एमएच १० पासिंगची. बॉर्डरवर इलेक्शनची चेकिंग, रोकड पकडायला. डिकीत चादरीत गुंडाळलेली जड लाकडी पेटी. उघडा म्हटले. उघडली. त्यातल्या एकानं बोट लावून एक पट्टी दाबली. आवाज नाही. दुसरी दाबली, तिचा पण नाही. झालं! कुणी भाता मारलाच नाही तर पेटी वाजणार कुठनं? पण त्याचं म्हणणं, वाजत नाही म्हंजे आत काहीतरी भरलंय.

मामानं समजावलं, मग म्हटला थांबा वाजवूनच दाखवतो. तिथंच रस्त्याकडेला बसला, आणि समोरचे साहेब कन्नड दिसले म्हणून शहाणपणानं एक कन्नड वचन, म्हंजे त्यांच्याकडचं भक्तिगीत, लावलं, मामाला वचनं छान येतात, खानापूर भागातला माणूस, दोन्हीकडची भजनं पाठ. साहेबांनी डोकं हलवत पूर्ण ऐकलं आणि नंतर विचारलं, गाडी महाराष्ट्राची, पेटीवर नाव मराठी, मग वचन कसं काय येतं? म्हंजे आधी पेटीवर संशय होता, आता मामावर. मामा म्हणतो, अभंग म्हटला असता तर दहा मिनिटात सोडलं असतं मला. शेवटी मागच्या गाडीतल्या एका म्हातारबाबांनी मामाला ओळखलं, कुठल्यातरी सप्ताहात ऐकलेलं, तेव्हा सुटका. माणसं वाईट नव्हती, मामा स्वतः सांगतो, चहा पण पाजला. फक्त त्यांना सकाळपासून काहीच सापडलं नव्हतं.

तर मामा पिक्चर बघताना पहिल्या अर्ध्या तासात हसलाच नाही. ‘काय बघुलालास गा हे, त्या माणसाचा काय गुन्हा?’ एवढंच म्हटला. आणि खरं सांगू, मला पहिल्यांदा बघताना जे नीट पकडता आलं नव्हतं ते हेच. पिक्चरला तुलूझ आवडतो. जाँ रोशफोरनं तो केलाय पण असा रुबाबात, मिशीतल्या मिशीत हसणारा, की आपल्यालाही आवडतो. पण बघा ना, मिलान निदान पेरँला खरा हेर समजून मारायला निघालाय. तुलूझला पहिल्या मिनिटापासून माहिती आहे की हा कुणीच नाही आणि तरी तो त्याला शेळी बांधतात तसा बांधून वर मचाणावर बसलाय. पेरँ मेला असता तर तुलूझचं काय गेलं असतं? पेराशला ते खुपत असतं, ते त्याच्या तोंडावर दिसतं, पण नोकरी आहे. पिक्चर ह्या गोष्टीला हात लावून पटकन पुढं सरकतो. मला वाटतं तिथं जरा थांबायला पाहिजे होतं. कदाचित थांबला असता तर कॉमेडी राहिली नसती, ते पण आहे म्हणा.

शेवटाकडं पेरँच्या घरात दोन्ही बाजूची माणसं एकमेकांना गोळ्या घालून पडतात, मिलान मरता मरता विचारतो की हा पेरँ आहे तरी कोण, आणि त्याला उत्तर मिळतं की कुणीच नाही. मिलान केलेल्या बर्नार ब्लिएचा तेव्हाचा चेहरा बघण्यासारखा आहे. अख्खी करिअर कुणीच नसलेल्या माणसावर घालवली.

म्युझिकचं राहिलंच. हेरांचा पिक्चर म्हटल्यावर आपण ट्रम्पेट, गिटार असलं काहीतरी धरून चालतो. इथं व्लादिमिर कोस्मानं रुमानियन लोकसंगीताचा बाज घेतलाय, गेओर्गे झांफिरची पॅन फ्लूट, म्हंजे एकीला एक लावलेल्या बारक्या नळ्यांचा पावा. मामाला पिक्चरमध्ये सगळ्यात आधी तेच आवडलं, दोनदा मागं घेऊन ऐकलं. उगीच गुदगुल्या करत नाही, मेंढरं राखणाऱ्या पोरानं वाजवावं तसं निवांत चाललेलं आणि पडद्यावर माणसं बंदुका घेऊन जिन्यातनं धावताहेत.

१९७३ ला बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलला ह्याला सिल्व्हर बेअर हे बक्षीस मिळालं. १९८५ ला हॉलिवूडनं रिमेक केला, टॉम हँक्सला घेऊन, त्यात काळ्या बुटाचा लाल बूट झाला. हँक्स आपल्याला आवडतो, पण तो रिमेक नाही बघितलात तरी चालेल, त्यात सगळे जण विनोद करताहेत हे त्यांना माहीत असल्यासारखे वागतात. ह्या खेळात तोंड सरळ ठेवायला लागतं.

आणि मॉरिस. अरे मॉरिसबद्दल लिहायचंच राहिलं, मला सगळ्यात जास्त हसवलं ते त्यानं. काम केलंय जाँ कार्मेनं. पेरँचा जिगरी दोस्त, ऑर्केस्ट्रात त्याच्याबरोबरच वाजवणारा. ह्याच्या बायकोचं आणि पेरँचं लफडं चालू, ह्याला पत्ता नाही. हेरांनी पेरँच्या घरातलं सगळं रेकॉर्ड केलेलं, आणि हा सायकलवरनं जात असताना त्यांच्या व्हॅनमधनं त्याला स्वतःच्या बायकोचा आवाज ऐकू येतो, आणि आवाज कसला ते सांगायला नको. सायकल घेऊन व्हॅनच्या मागं! नंतर पेरँच्या घरात जातो तर मढी पडलेली, लोकांना सांगेपर्यंत मढी गायब. सगळ्या पिक्चरमध्ये जे खरं आहे ते फक्त ह्या एकट्याला दिसतं आणि ऐकू येतं, आणि वेडा तोच ठरतो.

मामा इथं हसायला लागला ते थांबेचना, डोळ्यातनं पाणी. पिक्चर संपला, पेरँ विमानानं रिओला निघाला, क्रिस्तीन त्याच्या मोठ्या ट्रंकेत लपून, सगळं गोड झालं. मी टीव्ही बंद करायला उठलो तर मामा म्हणतो, ‘ते सगळं ऱ्हाऊ दे, त्या सायकलवाल्याला शेवटी कुणी सांगितलं का न्हाई?’ नाही सांगितलं. १९७४ ला सिक्वेल आलाय, त्यात मॉरिस आहे एवढं माहितीये. मामा आता रविवारी परत येतोय, पेटी घेऊन.