ठिपक्यांची रांगोळी, एक सेन्सर आणि मधली वायर

स्क्रीनवर ठिपक्यांची रांगोळी आहे. समोर कोणी नसेल तेव्हा ठिपके हळूहळू लहानमोठे होत राहतात. कोणी जवळ येऊ लागलं की मधल्या ठिपक्यापासून रेषा उमलत बाहेर जातात, आणि माणूस मागे सरकला की मिटतात. कोडिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र शिकायचं असेल तर पहिली कलाकृती हीच करावी, असं माझं ठाम मत आहे. कोड फार नाही, सर्किटला चारच वायरी लागतात, आणि या दोन्हींच्या मधला सांधा इथे नीट समजतो. नवशिक्यांची अडचण बहुतेक वेळा त्या सांध्यावरच होते.

लागणाऱ्या वस्तू: अर्डुइनो उनो (सेन्सर वाचणारा, प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा), चार जंपर वायरी, यूएसबी केबल आणि प्रोसेसिंग (कोड लिहून चित्र काढायचं सॉफ्टवेअर) टाकलेला लॅपटॉप. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं एका फेरीत मिळतं. केबल घेताना ती डेटाची आहे ना, हे विचारून घ्या. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर बोर्डाचा दिवा लागतो, पण लॅपटॉपला बोर्ड दिसत नाही. स्वस्त बोर्डांवर सीएच३४० ही चिप असते, तिचा ड्रायव्हर काही लॅपटॉपवर वेगळा टाकावा लागतो.

प्रोसेसिंग आणि अर्डुइनो ही जोडी सोयीची असण्याला कारण आहे. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्रोसेसिंग सुरू केलं, तेच मुळी कलाकार आणि डिझायनर यांच्यासाठी. इटलीतल्या इव्रेआमध्ये २००५ साली अर्डुइनो आलं, तेव्हा त्याचा एडिटर याच घराण्यातून घेतला गेला. म्हणून दोन्हीकडे 'सेटअप' हा कोडचा भाग एकदा चालतो, आणि पुढे प्रोसेसिंगमध्ये 'ड्रॉ', अर्डुइनोत 'लूप' फिरत राहतो. ड्रॉची एक फेरी म्हणजे एक फ्रेम.

आधी चित्र करा, सेन्सर बाजूला ठेवा. १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी कोडसाठी फार सुबक आहे. ओळीचा क्रमांक उणे ७ ते अधिक ७ धरा. त्या ओळीतले ठिपके म्हणजे १५ वजा तो क्रमांक, उणे चिन्ह सोडून. दोन ठिपक्यांत ६० पिक्सेल आणि दोन ओळींत ५२ ठेवा (६० गुणिले ०.८६६). प्रत्येक ओळ मध्यावर बसवली की एकूण १६९ ठिपके होतात आणि आकृती साधारण ८४० बाय ७२८ पिक्सेलची होते. ज्या दोन ठिपक्यांमधलं अंतर ६१ पिक्सेलपर्यंत आहे ते शेजारी. अशा ४६२ जोड्या निघतात. त्या सेटअपमध्ये एकदाच शोधून यादीत ठेवा. दर फ्रेमला १४ हजारांवर तुलना करत बसण्यात अर्थ नाही.

आता प्रत्येक ठिपक्याचं मध्यापासूनचं अंतर ४२५ ने भागा. उत्तर ० ते १ च्या आत येतं. 'जवळीक' नावाचं एक चल ठेवा, तेही ० ते १. जोडीतल्या दोन्ही ठिपक्यांचं गुणोत्तर जवळिकीपेक्षा कमी असेल तरच रेषा काढा. भागायला ४२० का नको? कोपऱ्यातले ठिपके ४२० च्या किंचित बाहेर पडतात, त्यामुळे जवळीक १ झाली तरी ते कधीच उजळणार नाहीत. भागाकारात निदान एक आकडा दशांशाचा असू द्या. दोन्ही पूर्णांक असले तर प्रोसेसिंग दशांश टाकून देतं आणि सगळीकडे शून्य येतं.

जवळिकीची किंमत तूर्त माउसवरून घ्या. माउस डावीकडून उजवीकडे नेताना रांगोळी उमलायला हवी. इथे तासभर जास्त गेला तरी चालेल. हालचाल माउसने सुंदर वाटत नसेल तर सेन्सरने ती सुंदर होणार नाही.

समोर कोणी नसताना ठिपके लहानमोठे होतात, त्या श्वासासाठी 'रँडम' वापरू नका, ठिपके थरथरतात. हळुवार बदलणारे आकडे देणारं 'नॉइज' वापरा आणि दर फ्रेमला ०.०१ ने पुढे सरका. नॉइजची किंमत बहुतेक वेळ ०.५ च्या आसपास घुटमळते, ० किंवा १ ला क्वचितच पोचते. म्हणून आकार ठरवताना ०.२ ते ०.८ हाच पल्ला धरा, नाहीतर ठिपके हललेले जाणवतही नाहीत.

आता सेन्सर. व्हीसीसी ५ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला, ट्रिग (आवाज सोडायला लावणारी पिन) ९ नंबरला, एको (तो परतायला लागलेला वेळ सांगणारी पिन) १० नंबरला. ट्रिगला १० मायक्रोसेकंद हाय (५ व्होल्ट) द्यायचं, मग एकोची पल्स किती लांब आहे ते 'पल्सइन'ने मोजायचं. मायक्रोसेकंदांना ५८ ने भागलं की सेंटिमीटर मिळतात, कारण आवाजाला एक सेंटिमीटर जायला सुमारे २९ मायक्रोसेकंद लागतात आणि परत यायला तेवढेच.

इथे दोन खड्डे आहेत. पल्सइन मुळात एक सेकंदापर्यंत वाट बघतं आणि तोवर बाकी सगळं थांबून राहतं. त्याला २५,००० मायक्रोसेकंदांची मर्यादा द्या, म्हणजे साधारण ४.३ मीटर. मर्यादेत पल्स संपली नाही तर ते शून्य देतं. ते शून्य म्हणजे 'माणूस सेन्सरला चिकटलाय' असं नाही, 'समोर कोणी नाही' असं समजायचं. दुसरा खड्डा मोजमाप साठवण्याचा. उनोवर 'इंट' हा पूर्णांकाचा नेहमीचा प्रकार ३२,७६७ ला संपतो, आणि समोर काहीच नसताना बऱ्याच सेन्सरांची पल्स ३८,००० च्या आसपास जाते. मर्यादा न घालता ती इंटमध्ये ठेवली तर अंतर उणे येतं. 'अनसाइन्ड लाँग' हा मोठा प्रकार वापरा.

दोन मोजमापांमध्ये ६० मिलिसेकंद जाऊ द्या, नाहीतर आधीच्या आवाजाचा प्रतिध्वनी पुढच्या मोजमापात घुसतो. दोन सेन्सर असतील तर आलटून पालटून चालवा. लोकरी शाल, सैल सुती कुर्ता, तिरकं उभं राहिलेलं माणूस यांच्यावरून आवाज नीट परतत नाही आणि मधूनच भलता आकडा येतो. त्यावर उपाय म्हणजे शेवटच्या तीन आकड्यांतला मधला घेणे. सरासरी घेऊ नका. एकच ३८० आला तरी सरासरी बिघडते, मधला आकडा जागचा हलत नाही. पाचातला मधला घेतला तर आणखी स्थिर होतं, पण उशीर वाढतो, आणि या कामात उशीर लगेच डोळ्यांत भरतो.

हे सगळं आधी अर्डुइनोच्या सिरियल प्लॉटरमध्ये (आलेल्या आकड्यांचा आलेख काढणाऱ्या खिडकीत) बघा. रेघ नीट दिसल्याशिवाय प्रोसेसिंग उघडू नका.

मग सांधा. अर्डुइनोकडून ९६०० बॉडने (सेकंदाला इतके बिट) दर ओळीला एक आकडा पाठवा. प्रोसेसिंगमध्ये ओळीचा शेवट येईपर्यंत थांबायला सांगा, ओळ 'ट्रिम' करा (कडेच्या मोकळ्या जागा काढा), मग आकडा बनवा. पोर्ट (केबलवरची जोडणी) उघडला की उनो रीसेट होतो, त्यामुळे पहिले एक-दोन सेकंद काही येत नाही, आणि पहिली ओळ अर्धवटही असू शकते; ती टाकून द्या. ओळ रिकामी आहे का हे तपासलं नाही तर 'सिरियलइव्हेंट' हे ओळ आली की चालणारं फंक्शन एका चुकीवर कायमचं बंद पडतं आणि चित्र थिजतं. चित्र काढण्याचं कामही त्या फंक्शनमध्ये नको. तिथे फक्त चलाची किंमत बदला. पोर्ट बिझी आहे असं दिसलं तर बहुधा सिरियल मॉनिटर किंवा प्लॉटर उघडा राहिलेला असतो. एका वेळी एकालाच पोर्ट मिळतो.

या सेन्सरऐवजी एलडीआर (उजेड मोजणारा) किंवा पोटेन्शिओमीटर (फिरवायची खुंटी) लावून थांबा न घेता ११५२०० बॉडने आकडे ओतले, तर सेकंदाला १९०० च्या आसपास ओळी येतात. ड्रॉमध्ये दर फ्रेमला एकच ओळ वाचलीत, म्हणजे सेकंदाला ६०, तर बाकीच्या साचत जातात. मग माणूस निघून गेल्यावर रांगोळी उमलते. दर फ्रेमला आलेलं सगळं वाचा आणि शेवटचं तेवढं ठेवा.

२०० सेंटिमीटरला ० आणि ५० ला १, असं 'मॅप' करा. मॅप कडा पाळत नाही, म्हणून मागोमाग किंमत ० ते १ मध्ये अडवणारं 'कन्स्ट्रेन' हवंच. सेन्सरकडून सेकंदाला सोळाच आकडे येतात आणि चित्र साठदा बदलतं. तो फरक 'लर्प'ने भरा: दर फ्रेमला जवळीक नव्या किमतीकडे ०.०८ ने सरकवा. ०.३ ला रांगोळी दचकल्यासारखी वागते, ०.०२ ला सुस्त. कलाकृतीचा स्वभाव या एका आकड्यात आहे. आवाज वाजवायचा किंवा रंग बदलायचा असेल तर उंबरठे दोन ठेवा: १२० च्या आत आल्यावर सुरू, १४० च्या बाहेर गेल्यावर बंद. एकच उंबरठा ठेवला तर त्यावर उभ्या माणसासमोर आवाज फडफडत राहतो.

चौकटीभोवती डब्ल्यूएस२८१२बी पट्टी (प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठरवता येणारी) लावायची असेल तर आधी विजेचा हिशेब करा. पूर्ण पांढऱ्यावर एक एलईडी ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो. ६० एलईडींना ३.६ अँपिअर. ते उनोच्या पिनमधून कधीही काढू नका. ५ व्होल्ट ५ अँपिअरचा वेगळा सप्लाय घ्या, त्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिशा बघून लावा, डेटाच्या वायरीत ३३० ओहम टाका, आणि सप्लायचं ग्राउंड उनोच्या ग्राउंडला जोडा. ग्राउंड जोडायचं राहिलं की रंग वेडेवाकडे लुकलुकतात. लांब पट्टीचं दुसरं टोक पांढऱ्याऐवजी लालसर दिसलं तर व्होल्टेज पडतंय. त्या टोकालाही सप्लायच्या वायरी द्या.

लॅपटॉपकडून साठही एलईडींचे रंग पाठवायचा मोह टाळा. १८० बाइट ९६०० ने पाठवायला १८७ मिलिसेकंद लागतात. बॉड वाढवला तर वेगळी पंचाईत: पट्टीला डेटा देताना उनो सुमारे १.८ मिलिसेकंद इंटरप्ट (आलेले बाइट लगेच टिपण्याची सोय) बंद ठेवतो आणि तेवढ्यात आलेले बाइट हरवतात. जवळीक ० ते २५५ अशा एका बाइटमध्ये पाठवा, रंग उनोला ठरवू द्या. आणि जवळिकीच्या ० ते १ या किमतीचा २.२ घात घ्या, नाहीतर पहिल्या पावलातच पट्टी झगझगीत वाटते आणि पुढे काही बदलतच नाही.

प्रदर्शनात ठेवायचं असेल तर जंपर वायरी काढून सर्किट सोल्डर करा. लॅपटॉपची झोप आणि अपडेट बंद करा. दोन सेकंद आकडा आला नाही तर रांगोळी आपोआप श्वासावर जाईल, अशी सोय कोडमध्ये ठेवा, म्हणजे केबल निघाली तरी बघणाऱ्याला थिजलेली स्क्रीन दिसत नाही. सेन्सर जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर लावला तर मोठ्यांचं पोट आणि लहान मुलांचं डोकं दोन्ही त्याच्या टप्प्यात येतात. तो टेबलाच्या कडेपासून आत ठेवू नका. आवाज शंकूसारखा पसरतो आणि टेबलाचीच कड 'माणूस' म्हणून मोजली जाते.