दोन फुटांखालचं लाकूड: आमची वाटचाल

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात पहिली काही वर्षं प्लायवूड आणि लॅमिनेटशिवाय दुसरं काही कापलं गेलं नाही. मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, फार तर एखादं देवघर. मग महाप्याच्या एका आयटी कंपनीकडून दिवाळी भेटींची ऑर्डर आली: लाकडी पेनं, व्हिजिटिंग कार्डाच्या डब्या, टेबलावरच्या नावाच्या पाट्या. नमुन्याच्या फोटोत वेंगे होतं. आफ्रिकेतलं, जवळजवळ काळं, आत बारीक तपकिरी रेघा. "असंच पाहिजे, पण बजेट सागवानाचं," असं सांगून ते मोकळे झाले.

रे रोडच्या लाकूड बाजारात वेंगे मिळत होतं, पण वखारवाले अख्खी फळीच देणार. आम्हाला हवा होता पाऊण इंच जाडी-रुंदीचा, पाच इंच लांबीचा तुकडा. चहापुरत्या दुधासाठी म्हैस बांधण्यातला प्रकार. आम्ही मागे फिरणार तेवढ्यात शेठनी भिंतीकडेच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "त्यातलं बघा ना. दोन फुटांखालचं आम्ही मापात धरत नाही. किलोवर न्या."

आमचा आजचा धंदा त्या ढिगातून सुरू झाला. जिन्याच्या पायऱ्या, हँडरेल, दारांच्या चौकटी कापून उरलेली टोकं होती ती. वेंगे, आफ्रिकन पदौक, पर्पलहार्ट, अमेरिकन अक्रोड, ॲश. फर्निचरवाल्याला ती निरुपयोगी, कारण त्याला लांबी लागते. आमच्या सगळ्यात मोठ्या डबीची लांबी फूटभर.

किलोच्या भावाला मात्र स्वतःचं गणित आहे. सुकं सागवान घनफुटाला साधारण 18-19 किलो भरतं, पदौक 21, वेंगे 24-25, पर्पलहार्ट त्याहून थोडं जास्त. ढिगाचा भाव एकच असेल, तर वेंगेपेक्षा तेवढ्याच आकाराचं पदौक स्वस्त पडतं. आणि लाकूड ओलं असेल तर आपण पाण्याचे पैसे मोजतो. त्यामुळे ओलावा मोजायचं मीटर खिशात असतं. वरून टेकवलं की ते सुकंच दाखवतं. टोक इंचभर कापून ताज्या कापावर टोचलं की खरा आकडा येतो. वखारवाल्यांना हे फारसं आवडत नाही, पण नेहमीच्या गिऱ्हाइकाला कापू देतात.

घनफूट म्हणजे 1728 घन इंच. कागदावर त्यातून पेनाचे सहाशेच्या वर तुकडे निघतात. करवत दर कापाला तीन मिलिमीटर भुसा करते, टोकांना चिरा असतात, मध्येच गाठ येते. आम्ही तीनशेच धरतो आणि किंमतही त्यावरच काढतो.

परदेशातून येणारं बरंचसं लाकूड भट्टीत आठ-दहा टक्क्यांपर्यंत सुकवलेलं असतं. ठाण्याच्या खाडीकाठची जुलैची हवा त्याला पंधराच्या वर नेते. आणल्या आणल्या डबी केली, तर पावसाळ्यात झाकण उघडता उघडत नाही. म्हणून माल आला की पट्ट्या घालून मांडणीवर रचतो, एक पावसाळा त्याला इथली हवा खाऊ देतो, आणि झाकणाला थोडी ढील ठेवतो.

पदौकचं प्रकरण वेगळंच आहे. ताजं कापलं की झेंडूसारखं केशरी, भुसा हाताला कुंकवासारखा लागतो. शेजारी मेपलची पांढरी पट्टी असेल आणि त्यावरून स्पिरिटचं फडकं फिरलं, तर पट्टी गुलाबी झालीच म्हणून समजा. आमचे मिस्त्री आधी बारक्या ब्रशने फक्त मेपलवर चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) हात मारतात, तो वाळला की मग पदौककडे वळतात. हा रंग उन्हात टिकत नाही, वर्षा-दोन वर्षांत तपकिरी होतो. पर्पलहार्टचा जांभळाही शेवटी त्याच वाटेने जातो. हे आम्ही ऑर्डर घेतानाच सांगतो. वेंगेचं कुसळ बोटात रुतलं तर चिघळू शकतं, आणि भुसा कुठल्याही लाकडाचा असो, फुप्फुसाला वाईटच. तेव्हा मास्क आणि डस्ट कलेक्टरवर काटकसर नाही.

पुढे मालाच्या आणखी वाटा सापडल्या. न्हावा शेवा बंदरात उतरलेल्या मशिनरीची खोकी भंगारवाल्यांकडे येतात. बहुतेक पाइन, पण आग्नेय आशियातल्या खोक्यांखालच्या जाड दांड्यांत कधीकधी चांगलं कठीण लाकूड निघतं. त्यावरचा शिक्का वाचायचा: 'एचटी' म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. एमबीचं आम्ही उचलत नाही. नौपाड्यातल्या जुन्या इमारती पाडल्या जातात तेव्हा सागवानी चौकटी मिळतात. त्यांना करवत लावण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवावा लागतो, कारण मोडलेला खिळा पातं खातो.

आता माझं वैयक्तिक मत. इंग्रजी नावाच्या लाकडामागे आपण जरा जास्तच धावतो. आपला बिबळा पदौकच्याच कुळातला. चिंचेचा काळपट गाभा, हेदचा पिवळा, शिसवाच्या जांभळट रेघा, यांचे छोटे तुकडे वाडा-शहापूरकडच्या सॉ मिलमध्ये मिळतात. बिल आणि वनखात्याचा वाहतूक परवाना कुठे लागतो ते विचारून मगच घेतो. शिसव परदेशी पाठवताना कागदपत्रं बघावी लागतात: 2017 च्या जानेवारीपासून शिसव ज्यातलं, ते डालबर्जियाचं अख्खं कूळ साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, पुढे 10 किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना सूट मिळाली. रक्तचंदनाची विचारणा दर महिन्याला येते. ते आम्ही ठेवत नाही, कुठे मिळेल तेही सांगत नाही.

हल्ली शनिवारी दुपारी उरलेल्या तुकड्यांची मांडणी हौशी लोकांसाठी खुली असते. ऐरोलीचे निवृत्त काका येतात, आर्किटेक्चरची मुलं येतात, सुरीच्या मुठी करणारे दोघं-तिघं ठरलेले. इथे किलो नाही, प्रत्येक तुकड्यावर खडूने किंमत लिहिलेली. येताना वस्तूचं माप घेऊन या, आणि तुकडा कापून हवा असेल तर पाचच्या आत पोहोचा. त्यानंतर मिस्त्री करवत बंद करतात आणि मी सांगितलं तरी पुन्हा चालू करत नाहीत.