माथ्यापासून पायथ्यापर्यंत: पाणलोट प्रकल्पाचे व्यवस्थापन

पाणलोट, म्हणजे ज्या क्षेत्रातले पावसाचे पाणी एकाच नाल्याकडे वाहत येते ते क्षेत्र. पाणलोट विकासात करिअर करू इच्छिणारे तरुण भेटतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात बंधारा हमखास येतो, चर मात्र क्वचितच येतो. प्रकल्प व्यवस्थापकाची खरी कसोटी या दोन कामांचा क्रम सांभाळण्यात असते, असे माझे अनुभवावरून झालेले मत आहे.

‘माथा ते पायथा’, म्हणजे आधी डोंगरमाथ्यावरची कामे आणि मग खालच्या नाल्यातली, हे तत्त्व पहिल्याच प्रशिक्षणात शिकवले जाते आणि पहिल्याच आर्थिक वर्षात मोडले जाते. उतारावर वाहणाऱ्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याची माती खरवडण्याची शक्ती सुमारे चौपट होते आणि माती वाहून नेण्याची क्षमता त्याहूनही कितीतरी अधिक वाढते. त्यामुळे वरच्या उतारावर समतल चर (समान उंचीच्या रेषेवर खोदलेले, पाणी अडवून मुरवणारे चर), दगडी बांध आणि गवताचे आच्छादन तयार होण्यापूर्वी नाल्यात बंधारा बांधला, तर तो पाण्याऐवजी गाळ साठवू लागतो. तरीही निधी मार्चअखेर खर्च करायचा असतो, बंधाऱ्याचे छायाचित्र चांगले येते आणि डोंगरावरचे चर कोणी पाहायलाही जात नाही.

अशा वेळी मी साधे गणित मांडतो. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी मिळते. म्हणजे ५०० हेक्टरच्या पाणलोटावर ५० मिलिमीटरची एक सर पडली, तर २५ कोटी लिटर पाणी येते. एक कोटी लिटर क्षमतेचा बंधारा त्यातले एका भरण्यात केवळ चार टक्के पाणी अडवतो. बंधारा वर्षातून अनेकदा भरतो, हे खरे आहे; परंतु जमिनीत मुरवण्याचे मुख्य काम मातीनेच करायचे असते, हे या आकड्यांवरून बैठकीतील सर्वांना पटते.

चरांचे काम दिसायला सोपे असले, तरी त्यात चुकीला वाव नसतो. समतल रेषा थोडी जरी ढळली, तरी सगळे पाणी सखल टोकाकडे धावते, तिथे चर फुटतो आणि जिथे ओघळ नव्हती तिथे नवी ओघळ तयार होते. म्हणूनच आखणीच्या दिवशी व्यवस्थापकाने कार्यालयात बसू नये.

चराईचा प्रश्न याहून अवघड असतो. चीनमधील लोएस पठारावर १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या पुनरुज्जीवन प्रकल्पात सोपानशेती आणि वृक्षलागवडीइतकेच महत्त्व मोकाट चराई थांबवून जनावरे बांधून पोसण्याला होते. असा निर्णय नकाशावर घेता येत नाही. ज्या कुटुंबाचा उदरनिर्वाह शेळ्यांवर आहे, त्याला चाऱ्याची पर्यायी सोय दाखवल्याशिवाय कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीचे ठराव कागदावरच राहतात. वरच्या भागात अडवलेले पाणी खालच्या शेतकऱ्याला कमी पडू शकते, ही गोष्टही आरंभीच उघडपणे बोललेली बरी.

शिक्षणाबाबत विचारणा होते, म्हणून थोडक्यात सांगतो: कृषी अभियांत्रिकी, स्थापत्य, भूगर्भशास्त्र किंवा समाजकार्य, यांपैकी कोणतीही वाट चालते. मात्र अभियंत्याला ग्रामसभेत बोलता यावे, समाजकार्य शिकलेल्याला अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका वाचता यावी, आणि खाली कोणता खडक आहे याची जाण दोघांनाही असावी; कारण भेगाळलेल्या खडकावर चांगला मुरणारा जलसाठा अखंड, कठीण खडकावर बाष्पीभवनातच आटतो.

यशाचे मोजमाप हा या क्षेत्रातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी कोणताही प्रकल्प यशस्वी दिसतो. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच निरीक्षण विहिरी निश्चित कराव्यात, शेजारच्या, अशी कामे न झालेल्या पाणलोटातीलही काही विहिरी मोजाव्यात आणि पाण्याची पातळी त्या वर्षीच्या पावसाशी ताडून पाहावी. पातळी वाढली आणि त्याच वेळी उपसाही वाढून अधिक पाण्याची पिके आली, तर चार वर्षांनी उन्हाळ्यात विहिरी पुन्हा तळ गाठतात; बांधकामांच्या संख्येवर आधारलेल्या अहवालात हे कधीच दिसत नाही.

त्यामुळे या पदासाठी मुलाखतीला जाणाऱ्यांनी पगाराबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी: काम पूर्ण झाल्यानंतर गाळ काढणे, दुरुस्ती आणि नोंदी यांसाठी किती वर्षांची तरतूद आहे, आणि ती रक्कम कोणाच्या ताब्यात राहणार आहे.