लॅपटॉप घेतला, स्क्रीन बघितलीच नाही

गेल्या महिन्यात दोघीतिघींनी विचारलं की फोटो एडिटिंगसाठी कुठला कॉम्प्युटर घेऊ, आणि प्रत्येकीने लगेच पुढे जोडलं, "आय सेव्हन प्रोसेसरवालाच घेऊ ना?" आता मी काय बोलणार, मी पण तेच करून बसलेले, म्हणून आधी माझी फजिती सांगते.

माझा जुना लॅपटॉप लाइटरूम, म्हणजे फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर, उघडायला इतका वेळ घ्यायचा की तोवर चहा उकळून, गाळून, पिऊन पण व्हायचा. बजेट 70 हजार. भाचा तेव्हा बारावीत, म्हणजे घरातला कॉम्प्युटर एक्स्पर्ट तोच. "मावशी, गेमिंग लॅपटॉप घे, ग्राफिक्स कार्ड असतं त्यात, फोटोशॉप नुसतं पळेल!" दुकानदारानेही तीच री ओढली. प्रोसेसर भारी, ग्राफिक्स कार्ड भारी, 144 हर्ट्झची स्क्रीन, आणि कीबोर्डखाली सात रंगांचे दिवे. रंग फक्त त्या कीबोर्डलाच होते हे नंतर कळलं.

मग सोमवतीला जेजुरीला गेले. खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते तेव्हा जो भंडारा उधळतात तो ज्याने बघितलाय त्यालाच माहितीय, कपडे, केस, कॅमेरा, नाकपुड्या, सगळं पिवळं. त्या गर्दीत एका म्हाताऱ्या बाबांचा फोटो मिळाला, ओंजळ वर उडालेली आणि भंडाऱ्याचा कण अन् कण उन्हात सुटा. घरी येऊन लॅपटॉपवर बघते तर भंडारा कसा, तर डब्यात वर्षभर पडून राहिलेलं बेसन. म्हणलं आपलंच एक्स्पोजर गंडलं असणार. मग व्हायब्रन्स वाढव, सॅच्युरेशन वाढव, पिवळ्याचा स्लायडर वेगळा ओढ, असं करत करत डोळ्याला बरा वाटेपर्यंत नेला आणि 12 बाय 18 ची प्रिंट टाकली.

प्रिंट आली ती हायलायटरने रंगवल्यासारखी. कण गायब, नुसता पिवळा गोळा, आणि बाबांना कावीळ. तावातावाने लॅबवाल्याशी भांडायला गेले, तर त्याने काही न बोलता माझी फाइल त्याच्या मॉनिटरवर उघडली. तिथेही कावीळच. "मॅडम, प्रिंट बरोबरे. तुमची स्क्रीन काय आहे?"

घरी येऊन मॉडेल नंबर टाकून शोधलं, तर एका ओळीत लिहिलेलं: 45 टक्के एनटीएससी, म्हणजे टीव्हीच्या जुन्या रंगमापाच्या 45 टक्के. याचा अर्थ असा की आपले फोन, वेबसाइट, बहुतेक लॅब ज्या रंगांच्या मापात चालतात, म्हणजे एसआरजीबी, त्यातले साधारण 60-65 टक्केच रंग ही स्क्रीन दाखवू शकते. भंडाऱ्याचा पिवळा, गुलाल, पैठणीचा मोरपंखी, असले भडक रंग तिच्या आवाक्याबाहेर. मी जो पिवळा शोधत होते तो फाइलमध्ये आधीपासूनच होता, स्क्रीनला दाखवता येत नव्हता एवढंच. बजेटमधल्या गेमिंग लॅपटॉपला असले पॅनेल बरेचदा असतात, कारण तिथे गिऱ्हाईक हर्ट्झ विचारतं, रंग विचारत नाही. आणि 144 हर्ट्झ कशासाठी, तर स्क्रीनवरची हालचाल लोण्यासारखी दिसावी म्हणून. माझे बाबा तर फोटोत एका जागी उभे होते!

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की पैसे आधी स्क्रीनला काढून ठेवा आणि मग उरलेल्यात बाकीचं बसवा. आयपीएस किंवा ओलेड (हे स्क्रीनचे प्रकार) पॅनेल, 100 टक्के एसआरजीबी, हे स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं बघायचं, नसेल तर दुकानदार तोंडाने काय सांगतो त्याला अर्थ नाही. पेन ड्राइव्हमध्ये स्वतःचे दहा फोटो घेऊन जा, त्यात चेहरे हवेत, आणि ज्याचा रंग तुम्हाला तोंडपाठ आहे अशी एखादी साडी हवी. बाजूने, वरून वाकून बघा, रंग बदलला की दुसरा दाखवा म्हणायचं.

मग रॅम. कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा असेल तर फोटो 6000 बाय 4000, आणि फोटोशॉपमध्ये 16 बिटला एका पिक्सेलला 6 बाइट लागतात, म्हणजे फोटोची एकेक लेयर सुमारे 144 एमबीची. दहा अशा लेयर टाकल्या की जवळजवळ दीड जीबी, वर लाइटरूम उघडं, ब्राउझर उघडा, यूट्यूबवर भीमसेनजी चालू. 8 जीबीत गुदमरतं. 16 घ्या, पॅनोरमा बिनोरमा करत असाल तर 32. आणि रॅम नंतर वाढवता येते का ते आधीच विचारा, कारण बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डलाच चिकटवलेली असते, एम सिरीजच्या मॅकमध्ये तर नंतर वाढवायचा प्रश्नच नाही.

एसएसडी, म्हणजे आतली वेगवान डिस्क, हवीच, त्यावर लाइटरूमचा कॅटलॉग (फोटोंची आणि एडिटची नोंदवही) आणि चालू काम, जुने फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तेही दोन डिस्कवर.

भाच्यावर अन्याय नको, ग्राफिक्स कार्ड अगदीच वाया नाही. 2023 मध्ये लाइटरूममध्ये एआय डीनॉइज, म्हणजे फोटोतले दाणे काढायची सोय, आली ती मुख्यतः ग्राफिक्स कार्डवर चालते, रात्रीच्या जागरण-गोंधळाचे हाय आयएसओवाले, म्हणजे कमी उजेडात काढलेले दाणेदार, फोटो साफ करताना फरक कळतो. पण ते थोडा वेळ थांबून पण होतं, चुकीचा रंग थांबून बरोबर होत नाही.

माझं पुढे काय झालं, तर लॅपटॉप विकला नाही. 24 इंची आयपीएस मॉनिटर घेऊन एचडीएमआयने जोडला, 16 जीबी रॅम केली, आणि ब्राइटनेस खाली आणला, कारण स्क्रीन फुल ठेवून एडिट केलं की प्रिंट हमखास काळपट येते. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ कच्ची फाइल, असल्यामुळे सगळे स्लायडर शून्यावर आणता आले आणि नव्या मॉनिटरवर बाबांच्या भंडाऱ्याला मला जवळजवळ हातच लावावा लागला नाही.

रंग मोजायचा कॅलिब्रेटर तिघींनी मिळून घेतलाय, महिनामहिना फिरतो. सध्या माझ्याकडे नाहीये, त्यामुळे परवाच्या हळदीचे फोटो अजून पेंडिंग आहेत, तेही पिवळेच.