बाई आणि सारफथची विधवा

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी पाठवा, असं पत्र आलं. शाळेविषयी लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला. दर वेळी पहिल्याच ओळीत बाई येऊन बसतात, त्या काही हलत नाहीत. सहली, स्नेहसंमेलनं, खो-खोची ढाल हे सगळं इतर कुणी लिहीलच. आणि कोणत्या बाई, हे बोर्डिंगच्या मुलींना सांगायची गरज नाही.

बुधवारचा शेवटचा तास शास्त्राचा, म्हणजे बायबलचा. बाई बहुधा शास्त्रातल्या बायकाच शिकवायच्या. "मोशे, दावीद, पौल तुम्हाला रविवारी उपासनेत भेटतातच," म्हणायच्या. रानात एकटी पडलेली हागार, नुसते ओठ हलताना पाहून याजकाला झिंगलेली वाटलेली हन्ना, येशूला उलट उत्तर देणारी कनानी बाई, या आमच्या ओळखीच्या झाल्या त्या बाईंमुळे. टेबलावर नेहमीच्या शास्त्राशेजारी पंडिता रमाबाईंचं भाषांतर असायचं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून एका बाईनं केलेलं आणि त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांच्याच हातून छापलेलं. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, पुस्तक 1924 मध्ये निघालं. मुक्तीतल्या कितीतरी मुली दुष्काळातूनच तिथं आलेल्या, हे बाई आवर्जून सांगत.

1972 साली मी आठवीत होते. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते. बोर्डिंगात लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी. ती ज्यांनी खाल्ली त्यांना चव सांगायला नको, ज्यांनी नाही खाल्ली त्यांना सांगून कळायची नाही.

त्या बुधवारी शास्त्रातल्या 'पहिले राजे' या पुस्तकाचा सतरावा अध्याय. देशात पाऊस नाही. सारफथ गावची विधवा दोन काटक्या वेचतेय; मूठभर पीठ, थोडं तेल, पोराबरोबर शेवटचं खाऊन मरायचं. एलीया संदेष्टा येतो आणि म्हणतो, आधी मला भाकर करून दे. तिनं दिली आणि मडक्यातलं पीठ सरलं नाही.

मी उभी राहिले. "बाई, आमच्या मडक्यातलं सरलं. माझी आई पण रोज प्रार्थना करते."

वर्ग चिडीचूप. बाईंनी शास्त्र मिटलं. घंटा झाली, त्या काही न बोलता गेल्या. मुली म्हणाल्या, आता तुझं काही खरं नाही.

संध्याकाळी बाई बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात आल्या. चुलीपाशी माझ्या शेजारी बसल्या, ताटलीत मिलोची भाकरी घेतली. "सतराव्याचं अठरावं वचन वाच." वाचलं. त्याच विधवेचा मुलगा पुढं मरतो आणि ती एलीयाला फाडकन विचारते, माझ्या पापाची आठवण करून द्यायला आणि माझ्या पोराला मारायला आलास का? "आता विसावं." एलीया तिला गप्प बस म्हणत नाही. तिचंच गाऱ्हाणं घेऊन तो देवाशी भांडतो.

"पीठ मिळालेली बाईसुद्धा भांडली गं," बाई म्हणाल्या. "तू तर न मिळता भांडलीस. आणि नीट बघ, मडकं भरलं असं कुठं लिहिलंय? सरलं नाही, एवढंच लिहिलंय."

त्यावर माझं समाधान झालं असं नाही. पण पुढच्या महिन्यात मेसचे पैसे भरायला गेले, तर क्लार्कनं वही दाखवली. माझ्या नावापुढं "जमा". कुणी भरले, ते त्यांनी सांगितलं नाही. मॅट्रिकपर्यंत तसंच चाललं.

मी नर्सिंगला गेले, 2017 मध्ये मेट्रन म्हणून निवृत्त झाले. गर्दीत येशूला शिवून बरी झालेली, बारा वर्षं रक्तस्राव होणारी शास्त्रातली बाई आम्हाला बाईंनीच शिकवली, तीही "आजारी स्त्री" असं न म्हणता, सरळ. त्या काळी ते धाडसच. ही गोष्ट मार्क आणि लूक या दोघांच्याही शुभवर्तमानात आहे. मार्क लिहितो, वैद्यांच्या हातून तिनं पुष्कळ सोसलं, होतं नव्हतं ते खर्चलं आणि दुखणं वाढलंच. लूक स्वतः वैद्य, त्यानं "वाढलंच" गाळलं! हे मी वॉर्डात डॉक्टरांना सांगून हसवत असे. पण जिला बरं करायला येशू निघालाय ती याईराची मुलगी तिकडं शेवटच्या घटका मोजत असताना तो थांबतो, गर्दीत कुणी शिवलं ते शोधतो आणि त्या शिवलेल्या बाईला "मुली" म्हणतो, ते मी नव्या पोरींना हसत नव्हे, चांगलं सांगत असे. रांगेत मागं राहिलेली बाई पहिल्यांदा बघा.

मागच्या वर्षी शाळेत येऊन गेले. चिंच तोडली, विहिरीवर स्लॅब पडला, पटांगणात पेव्हर ब्लॉक. शास्त्राचा तास वेळापत्रकात दिसला नाही. असो, पाणी तरी नळाला येतं.

बाईंना शेवटची भेटले तेव्हा त्यांना दिसत नव्हतं. आवाजावरून ओळखलं. "अजून भांडतेस?"

"रोज, बाई."

"बरं. चहा घेऊन जा."

सोबत मुलींच्या मेससाठी चेक पाठवत आहे. पावती फाडायची ती कार्यालयाच्या नियमानं फाडा, पण मुलींच्या वहीत नुसतं "जमा" लिहा.