लाल रेघ

21 फेब्रुवारी 2017. मुंबई महापालिकेच्या 227 वॉर्डांचं मतदान, आणि परळच्या एका शाळेत मी केंद्राध्यक्ष. एरवी मी शिक्षिका. सकाळी साडेसातच्या आत उमेदवारांच्या एजंटांसमोर अभिरूप मतदान, म्हणजे मशीनची चाचणी, मग मशीन क्लिअर, सील, सह्या, ते दरवेळचंच.

दुपारी पहिल्या मतदान अधिकाऱ्याला जेवायला सोडलं आणि त्याच्या खुर्चीत मीच बसले. काम सोपं. ओळखपत्र बघायचं, अनुक्रमांक आणि नाव मोठ्यानं वाचायचं, यादीत लाल रेघ ओढायची. एजंट ऐकून आपापल्या यादीत खूण करतात.

चारच्या सुमारास एक आजी आल्या. जेवून परतलेला अधिकारी म्हणाला, "आजी, तुमचं मतदान झालंय."

आजींनी दोन्ही हातांची बोटं त्याच्या नाकासमोर धरली. "कुठं झालंय? दाखव शाई!"

झालं. "बोगस, बोगस!" एजंट उठलेच. प्रत्येकाचं बोट दुसऱ्या पक्षाकडे. मी यादी ओढून घेतली. आजींच्या नावाखाली रेघ होती खरी. वरच्या ओळीत तेच नाव, तेच आडनाव, नवरा वेगळा, वय 38, आणि तिथे रेघ नाही. ती बाई दुपारी माझ्याच समोर उभी होती. एजंटांच्या याद्यांतही चूक तीच, कारण आवाज माझा होता.

मी सांगून टाकलं. बोगस नाही म्हटल्यावर एजंटांचा रसच गेला.

मशीन काही मत परत देत नाही. उपाय एकच, प्रदत्त मत: आपल्या नावावर आधीच मत पडलेलं असेल, तर मतदाराला कागदावर देता येतं ते. चार प्रश्न विचारून ओळख पटवली, आजींच्या बोटाला शाई लावली, अंगठा घेतला, कागदी मतपत्रिकेच्या मागे 'प्रदत्त मतपत्रिका' लिहून सही केली आणि बाणफुलीचा शिक्का हातात दिला. आजी खूश! "पूर्वी असंच होतं. हेच बरं, त्या पेटीचं काय कळतंय?" शिक्का उठल्यावर शाई वाळावी म्हणून त्यांनी कागदावर फुंकर घातली, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"हे मोजतात ना गं?"

एरवीच्या मोजणीत प्रदत्त मतं धरत नाहीत. प्रशिक्षणात मी स्वतः ते वहीत उतरवून घेतलं होतं.

"पाकिटात सील करून वर जातं, आजी," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

रात्री साहित्य जमा करताना कारकुनानं मान वर न करता विचारलं, "प्रदत्त किती?"

"एक."

दोन दिवसांनी निकाल लागले. गिरगावच्या 220 क्रमांकाच्या वॉर्डात दोघांना 5,946 अशी सारखीच मतं पडली, चिठ्ठी टाकून निकाल लावावा लागला. आमचा वॉर्ड तो नव्हे. आमच्याकडचा फरक हजाराच्या वर होता. मी तो आकडा दोनदा वाचला.